दातांच्या पत्त्यावर झुरळ

३ मार्च, सकाळी
आजपासून सर्व्हर माझ्या हातात. मेहुणा नोकरी लागली म्हणून गेला. पाच साइटी एकाच सर्व्हरवर, आणि पठ्ठ्याची शिस्त बघा: प्रत्येकीची सेटिंगची फाइल दोन-दोन फोल्डरांत. दुसऱ्या फोल्डरातल्या उडवल्या. पेस्ट कंट्रोलवाल्याची तेवढी राहिली, चहा आला. ‘आधी वाचा’ नावाचीही एक होती. वेळ कुणाला आहे? तीही उडवली. सर्व्हर रीस्टार्ट. मन हलकं झालं.

३ मार्च, दुपारी
दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. त्यांची साइट उघडली की झुरळ येतं. उताणं. पेशंट विचारतात म्हणे, दात दाखवायचे की मोरी. शुक्रवारपर्यंत नीट झालं नाही तर दुसरा माणूस बघणार. आवाज गोड होता. तोच वाईट.

४ मार्च
पाचही साइटींवर झुरळ. हे आपोआप होत नाही. मेहुणाच जाताना कळ फिरवून गेलाय. याला पहिला कॉम्प्युटर मी घेऊन दिला. खाल्ल्या घरचे वासे मोजतो. ही म्हणाली, फोन करून विचारा की. चोराला विचारायचं, चोरी कशी केलीस?

५ मार्च
डॉक्टरीणबाईंची फाइल अकरा वेळा बदलली. साइटी चालवणारं पीएचपी नवं टाकलं. ढिम्म. शेवटी फाइलमध्ये मेहुण्याला एक शिवी लिहून रीस्टार्ट केलं. एरवी स्वल्पविराम चुकला तरी बोंबलणारा सर्व्हर, हूं की चूं नाही. म्हणजे तोही त्याचाच माणूस.

६ मार्च, सकाळी
मेहुण्याला निरोप धाडला: या घराची पायरी चढायची नाही. ही बोलत नाही. हीही फुटली.

६ मार्च, संध्याकाळी
डॉक्टरीणबाईंचा फोन. साइट सुरू. तुमचे मेहुणे सांगत होते, सर्व्हरच जुना, भाओजी चार दिवस झगडतायत.
खिडकीतून पाहिलं. मेहुणा जिन्याखाली फरशीवर. पायरी चढला नव्हता. माझा लॅपटॉप हिनेच खाली नेऊन दिलेला. दहा मिनिटं लागली म्हणे; सर्व्हर फक्त दुसऱ्या फोल्डरातल्या फायली वाचतो, आणि तिथे पेस्ट कंट्रोलवाल्याची एकटीच उरली होती. फाइलमधली शिवीही त्यानेच पुसली.
खालूनच विचारलं, भाओजी, ‘आधी वाचा’ वाचलंत ना? म्हटलं, दोनदा.
मग जरा लाजून म्हणाला, शेवटच्या चार ओळी कामाच्या नव्हत्या, पहिल्या कॉम्प्युटरबद्दल होत्या. तोंडावर बोलायला जमलं नसतं.
म्हटलं, आवडल्या.