दोन्ही गोलांना टाळ्या

धाकटे,

टीव्हीवरचा फुटबॉलचा सामना बघायला आधी आले जावईबापू, आपल्या संघाचा हिरवा शर्ट घालून. पाठोपाठ माझा थोरला, निळ्यात! वर्षभर अबोला दोघांचा. एकाची बाजू घ्यावी तर दुसरा माझा उंबरा चढायचा नाही. म्हणून मी फोनवर दोघांनाही सांगून बसलेले, तुमचाच संघ माझा! सोफ्यावर मधोमध मी. हिरव्यांनी गोल केला, मी टाळ्या वाजवल्या. निळ्यांनी केला, तेव्हाही हात थांबले नाहीत.

"आई, तुम्ही नक्की कोणाकडून?" जावईबापू म्हणाले.

"गोलकीपरकडून. बिचारा एकटाच उभा असतो."

"कुठल्या?" थोरला.

"जो हरेल त्याच्या."

दोघं एकमेकांच्या खांद्यावर थापा मारून हसले गं! सामना बरोबरीत सुटला.

हे पत्र मात्र टाकणार नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही, फोनचं सांगून बसशील. रविवारी पुन्हा सामना आहे. दोघंही येतो म्हणालेत.

तुझी,
ताई