दिवे विझवलेली बोट

धाकट्या,

मला अक्षर ओळखता येत नाही, पण तुझ्या बोटीचा भोंगा ओळखता येतो. पत्र तुझी पुतणी लिहून घेतेय, तेही नाक मुरडत.

मोठ्या ट्रॉलरनी समुद्रातल्या ठरलेल्या रेषेबाहेर मासे धरायचे, किनाऱ्याजवळचं पाणी लहान होड्यांचं, हा सरकारचा नियम तुला पाठ आहे. तरी काल पहाटे ट्रॉलरचे दिवे विझवून आत आलास, दादाची जाळी फाडलीस, आणि जाताना घरासमोर आईसाठी नेहमीचा भोंगाही वाजवलास! चोरी करताना हजेरी देणारा तूच रे शहाण्या.

सकाळी दादा चिंध्या घेऊन घरी आला. "आई, भोंगा कोणाचा होता गं?"

"मला मेलीला कुठे ऐकू येतं?"

तो तक्रार करायला गस्तीच्या साहेबाकडे गेला आणि दारातूनच परतला. तुझं नाव त्याच्याही तोंडातून निघेना. आज त्याची होडी वाळूत पडून आहे.

आता शेवटी आशीर्वाद द्यायला हवा. तुझं जाळं भरू दे म्हणावं, तर ते दादाच्या पाण्यातून भरणार. रिकामं राहू दे म्हणायला जीभ रेटत नाही.

पुतणी विचारतेय, "आजी, पुढे काय लिहू?"

थांब म्हटलंय तिला.

तुझी आई