पाणमांजराची जागा

रविवार संध्याकाळ, मळमड्डी

आज अळणावरजवळच्या तळ्यावर गेलो, पण गळ पिशवीतून काढलाच नाही. काठावर बसप्पा भेटला. वर्षानुवर्षं तिथं जाळं टाकणारा माणूस. कानडीत म्हणाला, "सर, पाणमांजराची मादी गेली. कुणीतरी फास लावला, कातडी काढून नेली."

मागच्या रविवारीच मी तिचा फोटो काढला होता, दोन पिल्लांसकट. मासेमारीच्या ग्रुपवर टाकला. कुणी विचारलं म्हणून जागाही सांगितली. कुठला बांध, किती वाजता, सगळं. का सांगितलं? वाहवा हवी होती, दुसरं काय.

"आणि पिल्लं?"

"एकच दिसतंय."

मग मी बसप्पाला फोटोचं सांगून टाकलं. तो जाळं आवरत म्हणाला, "आम्हाला ती रोज दिसायची, सर. आम्ही कुणाला बोललो नव्हतो."

रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन ग्रुपवर सगळं लिहिलं, माझी चूकसुद्धा. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं: "अरेरे! राहिलेलं पिल्लू कुठल्या बाजूला दिसतं?"

मी उत्तर दिलं नाही.