पोचलो

दर्शू,

हे टाइप करतेय, पण पाठवणार नाही. पाठवलं की तुझं ठरलेलं सिंगापुरी उत्तर येईल, "आई, चिल लाह!"

नामिबियाला एकटीच जातेय म्हणालीस. तिथे गाडी तासन्‌तास खडीच्या रस्त्यावरून जाते आणि माणूस दिसत नाही, हेही तूच सांगितलंस. "मुक्काम फार्मवर" म्हणालीस तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर गाई आणि मका आला. मग तुझा फोटो आला, तर कुंपणाच्या तारेपलीकडे चित्ता! इथल्या उबीन बेटावर रानडुक्कर दिसलं की सायकल टाकून माझ्यामागे लपायचीस, तीच ना तू?

काल तुझा मेसेज आला, "पुढच्या फार्मवर पोचलो." तेव्हापासून तुझा फोन लागत नाही आणि मी त्या एका शब्दाशी अडलेय. एकटी मुलगी "पोचले" म्हणते. "पोचलो" म्हणजे निदान दोघं तरी. बाबांना दाखवलं तर ते हसले. म्हणाले, "सिंगापूरचं मराठी गं. 'मी आलो' म्हणतच मोठी झालीय ती."

खरंय. चोआ चू कांगच्या आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये लोकांसमोरसुद्धा मी तुला सुधारायचे.

तू कुणाला बरोबर नेऊन लपवलं असतंस, तर एरवी मी केवढं आकांडतांडव केलं असतं. कोण, कुठला, कधीपासून? आज मात्र तो ओसाड रस्ता डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि मी मनातल्या मनात एकच म्हणतेय: दर्शू, या एका वेळी तरी तुझं व्याकरण बरोबर असू दे.

वाट पाहणारी,
आई