पाठमोरा

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा! यवतमाळच्या शेपटाला लोहारा, आणि लोहाऱ्यात औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत नंदाबाईंच्या घराची पुढची खोली. हवेत गारवा, नळाला पाणी, पंखा फिरताना कण्हत नाही. आणखी काय हवं? आल्या आल्या नंदाबाईंनी भाकरी-झुणका वाढला आणि म्हणाल्या, लाजू नका भाऊ, आपलंच घर समजा. मी लगेच समजलो आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

पुण्याच्या वेबसाइटनं मला काढलं, कारण एका भिकार गेमला मी भिकार म्हटलं. आता इथल्या भगवानरावांच्या बातम्यांच्या वेबसाइटवर गेमची परीक्षणं लिहायची. त्यांना खेळ म्हणजे कॅरम एवढंच ठाऊक. बरंच आहे. ज्याला कळत नाही तो ढवळाढवळ करत नाही.

५ नोव्हेंबर

पहिलं काम 'ॲश कॉलम'. बंदुकीचा खेळ, थाट सिनेमाचा. कॅमेरा सतत नायकाच्या मागं, खांद्यावरून पाहणारा. अंगात टोपीवालं जाकीट, तोंड कधीच दिसत नाही. भिंतीआड लपा, गोळ्या झाडा, पुढं सरका. जरा रंगात आलो की वरखाली काळ्या पट्ट्या येतात, सिनेमा सुरू होतो आणि हातातला कंट्रोलर नुसतं खेळणं होऊन बसतो. दिग्दर्शक व्हायचं राहून गेलेल्यांनी गेम केले की हेच होणार. चित्रं देखणी, गोष्ट शिळी. असंच लिहिणार आहे.

नंदाबाई चहा घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या. कप कलून चहा बशीत सांडला. पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "हा त माहा गोपाल व्हय." मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

६ नोव्हेंबर

आज सगळं सांगितलं त्यांनी. एकुलता एक मुलगा. इथल्याच एका कारखान्यात होता. दोन वर्षांपूर्वी लग्नावरून भांडण झालं, आणि रागाच्या भरात ही बाई बोलून गेली की मेलास तरी या दारात येऊ नको. त्यानं पिशवी उचलली आणि निघाला. हाक तोंडाशी आली होती, पण निघालेल्याला मागून हाक मारली तर अपशकुन होतो, ही सासूची शिकवण. म्हणून पदर तोंडात धरून त्या उभ्या राहिल्या, कोपऱ्यावर त्याची पाठ दिसेनाशी होईतो. एका हाकेत वळला असता, म्हणतात. नंतर फोन नाही, निरोप नाही.

गोपालचा डावा खांदा पडका होता म्हणे, मान जरा उजवीकडे. नायकाचंही तसंच आहे. जगात पडक्या खांद्यांची काय वानवा आहे का? शकुन सांभाळला आणि पोरगा घालवला, हे मात्र मी मनातच ठेवलं.

८ नोव्हेंबर

आमच्या धंद्याचा एक रिवाज आहे. नायकाला मुद्दाम मारून पाहायचं. कसा पडतो, कसा उठतो, गेम कुठून परत सुरू होतो, हे वाचकाला सांगावं लागतं. नंदाबाई बाजाराला गेल्या तसा मी कामाला लागलो. गच्चीवरून ढकलला, आगीत उभा केला, बंदुकांसमोर पाठ करून ठेवला. पुन्हा पुन्हा. मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

त्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. म्हणाल्या, "किती खेपा मारसान त्याले?" मी म्हटलं, चित्र आहे ते, परत उठतं.

"उठते म्हणून काय दुखत नसन?"

त्या आत गेल्यावर नीट पाहिलं. मरून उठला तरी जाकिटावरचं जळकं तसंच होतं. गोळ्यांची भोकंही. असं कुठल्याच गेममध्ये होत नाही. परीक्षणात लिहिलं : बारकावे उत्तम.

१० नोव्हेंबर

नंदाबाई शेजारी येऊन बसल्या होत्या. मी अडवायच्या आत पडद्याला तोंड लावून त्यांनी हाक मारली, "गोपाल! ए बाबू, घरी ये!"

तो थांबला. मी त्याला पुढं ढकलत होतो, तरी थांबला. गोळीबार बंद पडला. वळला नाही. बंदूक खांद्याला अडकवली आणि लढाई सोडून चालू लागला. वरखाली काळ्या पट्ट्या आल्या. कुठलंही बटण चालत नाही.

११ नोव्हेंबर

अजून चालतोय. गेमच्या कंपनीला विचारलं. असं दृश्य गेममध्ये नाही, म्हणतात.

गेममधलं पडकं शहर संपलं. आता फुटलेला कापूस, विजेचे खांब, पऱ्हाट्यांमधली वाट. नंदाबाईंनी अंगण सारवलं, पुरण शिजत घातलं. गाणं गुणगुणताहेत. मला भीती वाटते आणि त्या भीतीची लाजही वाटते.

१२ नोव्हेंबर

ती पाठ — मी केलेलं सगळं तिच्यावर आहे. एकही घाव भरलेला नाही.

वायर उपटली. परत लावली तर तो आणखी पुढं आलेला. कारखान्यांच्या शेडजवळ. इथल्याच.

नंदाबाईंना हात जोडले, दार उघडू नका. ऐकत नाहीत. "म्याच हाकलला, म्याच घरात घेईन. तुमी कायले भेता भाऊ? तुमी त पोटासाठी मारलं."

१३ नोव्हेंबर

पिशवी भरली. पण या घराला एकच दार, आणि तो गल्लीत वळलाय. पडद्यावर सारवलेलं अंगण —

बंदूक खांद्यावरून काढली. हातात घेतली.

कडी वाजते आहे. पडद्यावरही, इकडंही. नंदाबाई भाकरतुकडा घेऊन उठल्या — थांबा म्हणतोय — माझ्या पाठीमागून गेल्या — बटणं सगळी दाबून पाहिली, काही होत नाही, हाताला दुसरं काम नाही म्हणून लिहितोय —

दार उघडलं.

पडद्यावर त्याच्या खांद्यावरून नंदाबाई दिसतात. हसताहेत. ओवाळून टाकला तुकडा. त्यानं एका हातानं त्यांना बाजूला केलं. हळूच.

आत टेबलाशी कुणीतरी वाकून लिहितंय. पाठ इकडं. माझाच शर्ट —

पाठ मोठी होत चाललीय —

वळून सांगायला हवं त्याला, की मी तर फक्त परीक्ष