घंटा थांबल्या तेव्हा

साउथहॅम्प्टन
१९ मे २०२४

प्रिय वीणाताई,

तुला इथूनच वाकून नमस्कार. हल्ली गुडघे एवढंच वाकू देतात. बाकी मी मजेत.

बोटीने स्पेनला जाऊन आले, हे तुला ठाऊक आहेच. फोनवर तू फक्त जेवणाचं विचारलंस, म्हणून बाकीचं लिहितेय. बिलबाओला उतरून बसने एका डोंगरी गावात गेलो. तिथलं जुनं चर्च मला फार आवडलं. वेदीमागचा भाग बाराव्या शतकातला. बुटक्या गोल कमानी, जाडजूड भिंती, गारेगार अंधार. तिथून मागे वळलं की एकदम उंच, टोकदार कमानींचं छत! ते चारशे वर्षांनंतरचं. वेदीवरचं सोनेरी लाकूडकाम त्याहूनही नवं. मनोरे दोन ठरले होते, पण दुसरा छतापर्यंत येऊन थांबला. त्यावर करकोच्यांनी घरटं केलंय.

"अर्धवटच राहिला की!" मी म्हणाले. "बिघडलं कुठे?" पुरुषोत्तम म्हणाले.

पुरुषोत्तम कोण, ते सांगते. वॉटफर्डचे, निवृत्त इंजिनियर. त्यांची पत्नी काही वर्षांपूर्वी गेली. मराठी मंडळात ओळख झाली. ट्रिपला अख्खा ग्रुप होता गं, आणि केबिन वेगवेगळ्या!

मनोऱ्याचा जिना गोल, अरुंद. अर्ध्यावर माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. ग्रुप वर गेला, पुरुषोत्तम माझ्यापाशी पायरीवर बसले. त्यांनी काहीतरी विचारलं आणि नेमक्या घंटा सुरू झाल्या.

"काय म्हणालात?" मी ओरडले.

ते त्याहून मोठ्याने ओरडले, "माझ्याशी लग्न कराल का?" आणि घंटा थांबल्या.

वरून टाळ्या! "हो म्हणा, सुप्रभाताई!"

मी हसत सुटले, मग रडूच आलं. श्रीनिवास वारले आणि संसारात मी एकटी उरले, तेव्हापासून मी कुणासमोर रडले नव्हते. पुरुषोत्तमांनी रुमाल दिला, घाई केली नाही. मी हो म्हटलं.

क्षितिजला सांगितलं, तर माझा लेक म्हणतो, "आई, फायनली!"

राहिलीस तू. बाबांच्या माघारी माझं पहिलं लग्न तूच लावून दिलंस, म्हणून हे फोनवर सांगवेना. जुलैत इथल्या रजिस्टर ऑफिसात करायचंय. रागाव, चार दिवस बोलू नकोस, पण ये. तू नाही म्हणालीस तरी मी करणार आहे. फक्त तुझ्याशिवाय ते मला लग्न वाटणार नाही.

सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा लाजणारी,
तुझी धाकटी,
सुप्रभा