उजव्या हातातल्या बांगड्या

आई,

तुम्ही देवळातून याल तेव्हा मी गाडीच्या परीक्षेला गेलेली असेन. नैरोबीचा परवाना इथे चालत नाही. हे सोबत आहेत, पण पुढचं मी एकटीनंच ठरवलं.

वळताना उजवा हात खिडकीबाहेर काढून दाखवावा लागतो. काल सरावात हात दारावर आपटून चुड्यातली एक बांगडी वाढवली, म्हणून आज त्या हातातल्या बाकीच्या साबण लावून काढल्या. कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवल्यात. डाव्या हातातल्या तशाच आहेत.

विचारलं असतं तर तुम्ही "रिकाम्या हातानं उंबरा ओलांडू नकोस" म्हणाला असता आणि मी थांबले नसते. म्हणून विचारलंच नाही. हे वाईट केलं.

पास झाले वा नापास, येताना कासारणीला घेऊन येते. पहिली बांगडी तुम्ही भराल ना?

कुंदा